मे महिन्यात कार्ड घेताना

सीताबर्डीच्या दुकानात एसी होता,
तिथंच फसलो असतो.
निहालने दोन खोकी फोडून काउंटरवर मांडली:
एक सायकलच्या पंपाएवढं लांब, तीन पंख्यांचं,
दुसरं आखूड, एकाच पंख्याचं, मागे जाळी.
"हे लांबवालं बोलतच नाही जी," तो म्हणाला,
"पन्नास डिग्रीच्या खाली पंखे फिरतच नाहीत."
मी विचारलं, कुठल्या गावच्या पन्नास?
तो हसला. त्याच्यामागे भिंतीवर
हिरव्या आकड्यांत चोवीस लिहून होतं.

आमच्याकडे, ब्रह्मपुरीच्या अलीकडे,
कवेलूंखाली दुपारची खोलीच बेचाळीस असते.
काही काम न देता नुसतं बसवलं
तरी कार्ड पन्नाशी ओलांडेल.
मुक्या पंख्यांचं वचन
आमच्यात फक्त पौषात चालायचं,
आणि पौषात लग्नंच नसतात.

लग्नं आत्ता असतात.
सहा तासांची शूटिंग, ड्रोनचे तुकडे,
नवरदेवाच्या मामाला तीनदा दाखवा,
हळदीचा पिवळा आणखी जरा पिवळा करा.
रेंडर लावलं की मशीन रात्रभर जागतं
आणि त्याच खोलीत वैजयंता झोपते,
उपकेंद्रात कुणाचं तरी बाळंतपण आटोपून
बाराला आलेली, हातांना डेटॉलचा वास.

निघताना तिला विचारलं होतं,
आवाज चालेल की गरमी?
"कूलरपुढे मले काय ऐकू येते?
कोणतंही आण."
खरंच आहे. आमच्यात कूलर म्हणजे
खिडकीत टांगलेला पत्र्याचा डबा,
वाळ्याच्या ताट्या, पंपाची गुरगुर,
कवडूजींच्या राइस मिलशी पैज लावलेली.
त्याच्यापुढे कार्डाचे छत्तीस डेसिबल
म्हणजे वरातीत कुणी उसासा टाकला.

पण डीपी उडते.
रोज नाही. उडते तेव्हा रात्री अडीचलाच उडते.
इन्व्हर्टर एकालाच पोसतो,
मशीनला नाहीतर कूलरला,
आणि रेंडर ऐंशी टक्क्यांवर आलेलं असतं.
मी काय निवडतो ते तिला ठाऊक आहे.
जुनं कार्ड त्या शांततेत
कानात शिरलेल्या भुंग्यासारखं किरकिरायचं.
ती काही बोलायची नाही.
उठायची, खाट उचलून अंगणात न्यायची.
खाटेचे पाय उंबऱ्याला लागायचे, तो आवाज
मी किती डेसिबल धरू?

म्हणून निहालला म्हटलं, एसी बंद कर.
तो बघत राहिला. गिऱ्हाईक नव्हतं, केला बंद.
दहा मिनिटं दोन्ही कार्डांना घाम फोडला,
मी डोळे मिटून कान लावला.
आखूडवालं शहाणं होतं,
गरम वारा थेट पाठीमागून बाहेर फेकायचं,
पण कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचा
तो जो बारीक सूर असतो, तो सतत.
लांबवालं आपली गरमी तिथंच
डब्यातल्या डब्यात फिरवत बसायचं,
आवाज मात्र खालचा, जाडा,
झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा.

लांबवालं घेतलं.
घरी आणून त्याची ताकद
पासष्ट टक्क्यांवर बांधून टाकली,
डब्याचं एक झाकण काढून ठेवलं.
पाली येतील. येऊ देत.
मामा तासभर उशिरा दिसेल.

परवा डीपी उडाली.
मी कूलर बंद करून वाट बघत बसलो.
वैजयंता उठली. अंधारात चाचपडत आली,
लेकरांचा ताप बघते तसा
उलटा हात डब्याच्या कुशीला लावला.
"ताप आहे," म्हणाली,
"पण कण्हत नाही."
आणि परत जाऊन झोपली, आतच.

मिलच्या मागे रातवा बोलत होता,
टक टक टक, कधीपासून कोण जाणे.
घामानं बनियन पाठीला चिकटलेलं.
स्क्रीनवर त्र्याऐंशी टक्के,
हळद अजून लागायची होती.